टक्का नको, टेप घ्या

अंगातल्या चरबीचा टक्का सांगणारे वजनकाटे आता घरोघरी दिसू लागले आहेत. सकाळी अनवाणी उभे राहायचे आणि मोबाइलवर '२७.४' वाचायचे. दशांशापर्यंतचा आकडा आला की माणूस तो खरा धरून चालतो. वास्तविक हा काटा चरबी मोजतच नाही. एका तळपायातून दुसऱ्या तळपायाकडे तो अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतो. पाणीदार स्नायूंतून प्रवाह सहज जातो, चरबीत अडतो. या अडथळ्यावरून आणि आपण भरलेल्या वय, उंची, वजनावरून एक सूत्र अंदाज बांधते. घाम गाळून आलात, नुकतेच जेवलात किंवा पाळीच्या दिवसांत अंगात पाणी धरले, की चरबी तेवढीच असूनही आकडा हलतो. त्यातही प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो, त्यामुळे पोटाविषयी काटा जे सांगतो तो निव्वळ तर्क. छातीत पेसमेकर असलेल्यांनी तर या काट्यावर उभेच राहू नये. हे दुकानात आवर्जून सांगायला हवे.

आपल्याकडे खरा धोका पोटातच दडलेला असतो. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंची-वजनाच्या हिशेबात दोघे सारखेच, बीएमआय २२.३. डेक्सा या क्ष-किरणांच्या तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हेही त्या टिपणात प्रांजळपणे नोंदवलेले आहे. पण याज्ञिकांचे जन्मतःच कमी असलेले वजनही त्यात नोंदवलेले आहे, आणि आपल्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचे. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत वजनाने बरीच कमी, पण चरबी मात्र राखून असलेली, असे याज्ञिक आणि सहकाऱ्यांना आढळले. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. 'हा तर बारीकच आहे' म्हणून त्यांची साखर कोणी तपासत नाही आणि मधुमेह कळतो तो उशिरा.

अशा माणसासाठी घरातली सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे शिंप्याची टेप. मान आणि कंबर मोजून टक्का काढण्याचे अमेरिकी नौदलाचे सूत्रही प्रसिद्ध आहे, पण ते तिथल्या खलाशांवरून बेतलेले, आणि त्यात तीन-चार टक्क्यांची चूक सहज होते. टक्क्याच्या मागे लागण्याचे कारणच नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा चाचपून पाहावा, दोहोंच्या मधोमध उघड्या अंगावर टेप आडवी, सरळ गुंडाळावी, श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये, आणि मग आकडा वाचावा. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० ही धोक्याची रेषा मानतात. एवढेही लक्षात राहत नसेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. पँटचा नंबर मात्र प्रमाण धरू नये. ढेरी सुटलेले पुरुष पँट ढेरीच्या खाली बांधतात, म्हणून त्यांचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

सरकारी आरोग्यव्यवस्थेने कमरेच्या घेराचे हे महत्त्व केव्हाच ओळखले आहे, ही समाधानाची गोष्ट. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई जो तक्ता भरतात त्यात कमरेचा घेर विचारलेला आहे. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा ९०च्या वर गेला की एक गुण, आणखी दहा सेंटिमीटर वाढला की दोन. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला मधुमेह यांचे गुण त्यात मिळवून बेरीज चारच्या वर गेली, तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचे असते. चरबीच्या टक्क्याला त्या तक्त्यात रकानाच नाही.