मेजापाशी आखलेली रेघ

‘पाळकसाहेब आले नाहीत, फक्त बायबलबाई आल्या.’ आपल्या मंडळ्यांत सहज बोलल्या जाणाऱ्या या वाक्यातल्या ‘फक्त’शी माझे भांडण आहे.

मी यशवंतपुरात राहणारा मराठी ख्रिस्ती. आमची मंडळी चर्च ऑफ साउथ इंडियाची. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि साउथ इंडिया युनायटेड चर्च एकत्र येऊन हे चर्च २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला स्थापन झाले. बिशप, प्रेसबिटर, डीकन ही रचना त्यात अँग्लिकन परंपरेतून आली. प्रभुभोजनाचा विधी प्रेसबिटरनेच चालवावा, हे मला मान्य आहे. दीक्षेला अर्थ असलाच पाहिजे. पण मेजापाशी आखलेली ही रेघ पगारपत्रकापर्यंत आणि बैठकीच्या खुर्चीपर्यंत कोणी ओढत नेली?

पाळकाची काही वर्षांनी बदली होते. कोणत्या घरी कन्नडात प्रार्थना करायची, कोणत्या घरी तमिळात, कोणाचे दुखणे शेजाऱ्यांना कळू द्यायचे नाही, हे उपदेशकाला, बायबलबाईला, चर्चच्या शिपायाला ठाऊक असते. आजाऱ्याच्या उशाशी रात्र तेच काढतात.

‘कमिटीत सामान्य सभासद असतातच की!’ असतात. पण निवडून आलेला सभासद मालक होतो आणि पगारी सेवक नोकर. पाळक आणि कमिटी यांच्यात सत्तेची वाटणी होते. सेवेची होत नाही.

१९१२ साली दोर्नकलचे बिशप झालेले व्ही. एस. अझरायाह हे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. त्यांचे काम उभे राहिले ते दीक्षा न मिळालेल्या खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांच्या बळावर. बायबलबाया तर पिढ्यान्‌पिढ्या घरोघर फिरत होत्या. आमच्या चर्चमध्ये स्त्रीला प्रेसबिटरची दीक्षा मिळायला १९७६ साल उजाडले.

‘सेवा म्हणजे त्याग’ असे कोणी सुनावेल आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडणाऱ्या नारायण वामन टिळकांचे नाव घेईल. टिळकांनी स्वतःचा पगार सोडला. दुसऱ्याचा अडवला नाही.

मागणी साधी आहे: लेखी नेमणूक, ठरलेला पगार, म्हातारपणाची तरतूद आणि कामाची आखणी होते त्या बैठकीत मत. सेवेचे बोलावणे बाप्तिस्म्यातच येते, असे व्यासपीठावरून सांगतो ना आपण? मग पवित्र गुरुवारी पाय धुणाऱ्यांनी महिनाअखेरीला पगारही वेळेवर द्यावा.