तो कुत्रा वेगळा

‘शाळा-दवाखान्यांत कुत्री कशाला?’ हे पत्र वाचले. भटक्या कुत्र्यांची पुणेकरांना वाटणारी भीती रास्तच आहे. पण माणसांच्या उपचारात मदतीला येणारा कुत्रा स्वभाव पारखून निवडलेला, शिकवलेला, लसी टोचलेला असतो. सोबत माहितगार माणूस असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६२ साली कुत्र्याला सहउपचारक म्हटले. आपल्याकडे मीनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने हे काम रुजवले.

माझा भाचा स्वमग्न. कुणाला हात लावू देत नसे. शाळेत आलेल्या लॅब्रॅडॉरचा कान त्याने दोन बोटांत धरला आणि म्हणाला, ‘मऊ’. आठवडाभर घरात तोच शब्द होता.

ॲलर्जी वा भीती असलेल्यांवर सक्ती नको, नियम कडक करा. दार मात्र लावून घेऊ नका.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०