रमजानच्या आधी थोडे हार्मोन्सविषयी

काही वर्षांपूर्वी रमजानच्या आदल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने मला मेडिकलमधून एक गोळी आणायला सांगितली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, मीही काही विचारले नाही. नंतर कळले, तीसही रोजे सलग व्हावेत म्हणून पाळी पुढे ढकलण्याची ती गोळी होती, नॉरएथिस्टेरॉन. "सगळ्या मैत्रिणी घेतात, भाई," ती म्हणाली. चार वर्षे इंजिनिअरिंग शिकलेल्या मला पाळी कशाने येते हे तेव्हा सांगता आले नसते.

मग वाचायला बसलो. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठोक्याठोक्याने एक हार्मोन सोडतो. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच रक्तात पाठवते. एफएसएचमुळे अंडाशयातले काही बीजकोष वाढू लागतात. त्यांतला एक पुढे जातो आणि भरपूर इस्ट्रोजेन तयार करतो. गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप जातो. हा आपल्या ओळखीचा निगेटिव्ह फीडबॅक, एसीच्या थर्मोस्टॅटसारखा. पण इस्ट्रोजेन साधारण दोन दिवस वरच राहिले की तोच निरोप उलटा वाचला जातो. एलएच एकदम उसळते आणि सुमारे दीड दिवसात बीज बाहेर पडते. पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणजे यंत्र हाताबाहेर जाणार, असे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. शरीर तो मुद्दाम वापरते, आणि वेळेवर थांबवतेही!

मागे उरलेला बीजकोष प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि अस्तर टिकवून धरतो. गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांत तो विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि पाळी येते. हा उत्तरार्ध बहुतेक ठरलेला असतो. मागेपुढे होतो तो पूर्वार्ध. परीक्षेचा ताण किंवा झपाट्याने घटलेले वजन हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचते, बीज उशिरा सुटते आणि पाळी लांबते. प्रौढ स्त्रीत २१ ते ३५ दिवसांचे चक्र नेहमीचेच मानतात.

बहिणीची गोळी प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करते. ती चालू असेपर्यंत अस्तर टिकते, थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. ती विष नाही, डॉक्टरही देतात. पण आधी विचारतात: रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, यकृताचा आजार आहे का, अर्धशिशी आहे का, गर्भ राहिल्याची शक्यता आहे का. मेडिकलच्या काउंटरवर यातले काहीही विचारले गेले नव्हते.

आणि ही घाई कशासाठी? पाळीत रोजा नाही, नंतर कजा करायची. नमाजची तर कजाही नाही. दीनने दिलेली ही सवलत घ्यायला आपल्या मुली लाजतात, कारण घरात अब्बा आणि भाई असतात. भर दुपारी दार लावून, आवाज न करता पाणी पिणारी मुलगी आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आहे. आम्हा मुलांना काहीच माहीत नसते, आणि आमच्या त्या अज्ञानाला सगळे घर अदब समजते. मला ते मान्य नाही.

रमजानच्या तयारीच्या बैठका आता मोहल्ल्यामोहल्ल्यांत सुरू होतील. जकातीचा हिशेब, इफ्तारचे नियोजन, सगळे ठरेल. त्यातला एक तास एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना द्या, आणि त्या तासाला मुलांनाही बसवा.