बट्टा : कालचा आणि आजचा

१/३ कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणाऱ्या वाटेवर कोयनाकाठी पाटण वसले आहे. पेशवाईत अशा वाटांवरील व्यापाऱ्यांच्या थैलीत अंकुशी, चांदवडी अशा निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये असत. नाव एकच, रुपया. मोल मात्र वेगवेगळे.

२/३ नाण्याचा कस, वजन, झीज आणि त्या मुलखातील चलती पाहून सराफ बट्टा कापी. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. पुढे हा बट्टा ओसरत गेला.

३/३ क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत वळवताना तोच बट्टा परतला आहे. जुन्या रुपयात निदान चांदी होती. पॉइंटमध्ये केवळ वचन, आणि दर बदलणाराही वचन देणाराच. म्हणून पॉइंट साठवणे ही बचत नव्हे. भाव आहे तोवर ते वापरावेत.