कुंपणाची उंची आणि पाण्याची वाट

मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे या दोन वाटांनी माणगाव मुंबईच्या जवळ आले. काळ नदीच्या खोऱ्यातील भातखाचरांच्या कडेने निवासी भूखंड पडू लागले आणि निवृत्तीनंतर गावाकडे चार खोल्यांचे घर असावे, ही अनेक कुटुंबांची इच्छा प्रत्यक्षात येऊ लागली. भूखंड ताब्यात आला की घराआधी कुंपणाचे काम निघते. आपली जागा आखून घ्यावी, ही भावना स्वाभाविक आहे. मात्र आयुष्यभर जपलेली पुंजी ज्या वादात अडकते, त्या वादाचा उगमही पुष्कळदा याच कामात असतो.

पूर्वी या भागात हद्दीवर गडगा किंवा वई असे. गडगा म्हणजे चुना-माती न वापरता रचलेली दगडांची बुटकी भिंत. वई म्हणजे काट्याकुट्यांचे, निगडी, शेर, मोगली एरंड यांसारख्या झाडांचे कुंपण. दोहोंना फटी असत आणि त्या फटींतून पावसाचे पाणी उताराकडे निघून जाई. आजची चिऱ्याची किंवा काँक्रीटची सलग भिंत गुरांना अडवते, तशीच पाण्यालाही अडवते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या रायगड जिल्ह्यात हा फरक लहान नव्हे.

नियमांचा विचार करताना बहुतेकांचे लक्ष प्रथम उंचीकडे जाते. काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्यानुसार आवारभिंतीची उंची सामान्यतः समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, इतकीच ठेवता येते. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा, म्हणजे आरपार दिसणारा असेल, तर एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते. कोपऱ्यावरच्या भूखंडाला आणखी एक बंधन आहे. रस्ते जेथे मिळतात, तेथून दोन्ही बाजूंस १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरहून उंच नसावी. त्यावर हवे तर गज बसवावेत. वळणावर समोरून येणारे वाहन दिसावे, हा यामागचा सरळ हेतू. काम सुरू करण्यापूर्वी माणगाव नगरपंचायतीच्या हद्दीत नगरपंचायतीकडे, आणि बाहेरच्या गावांत ग्रामपंचायत व महसूल यंत्रणेकडे लेखी विचारणा करणे हितावह ठरते.

उंची चुकली तर वरचे दोन थर उतरवता येतात. जागा चुकली तर मात्र पायापासून सारे उपटावे लागते. म्हणून पहिला खर्च मोजणीचा असावा. सातबारा क्षेत्र सांगतो; हद्द जमिनीवर नेमकी कोठून जाते, हे तो दाखवत नाही. खरेदीखतातील चतुःसीमाही शेजारी कोण, एवढेच सांगते. हद्द ठरते ती भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयाकडून होणाऱ्या मोजणीने. लगतच्या धारकांना नोटीस जाते, मोजणीदार जागेवर खुणा दाखवतो आणि त्यानंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मोजणी मान्य नसेल, तर निमताना मोजणीची सोयही आहे. हद्दीच्या खुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जमीनधारकावर असते. शेजाऱ्याने खूण हलवू नये, अशी अपेक्षा बाळगणाऱ्याने आपल्या कामगारांनाही ती बजावून सांगावी.

आकड्यांत पाहिले तर या वादांचे स्वरूप स्पष्ट होते. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. म्हणून गुंठा ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा. समजा, साठ फूट लांबीची भिंत नऊ इंच शेजाऱ्याकडे सरकली. गेलेली जागा ४५ चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम चोविसावा भाग. एवढ्याशा पट्टीसाठी दिवाणी दावा उभा राहिला, तर वकिलाची फी, फेऱ्या आणि वर्षे यांचा हिशेब त्या पट्टीच्या किमतीत कधीच बसत नाही. शिवाय अशा जागेवर दावा चालू असेल, तर पुढे विक्री करताना किंवा कर्जासाठी ती तारण देताना अडचण येते. आणखी एक गोष्ट नजरेआड होते. भिंत नऊ इंचांची असली, तरी तिचा पाया त्याहून बराच रुंद असतो. वर भिंत बरोबर हद्दीवर आणि खाली पाया शेजाऱ्याच्या जमिनीत, असे झाले तर तेही अतिक्रमणच. सबब पायासकट सारी भिंत आपल्या बाजूला घ्यावी, किंवा दोघांच्या संमतीने ती सामाईक ठेवावी.

यानंतरचा प्रश्न पाण्याचा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे तत्त्व असे की, वरच्या जमिनीवर पडलेले पाणी ठरावीक प्रवाहात नसले, तरी ते नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीत वाहू देणे हे खालच्या धारकाचे कर्तव्य आहे. म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला भिंत घालणाऱ्याने पाण्याला वाट ठेवलीच पाहिजे. वरच्या धारकानेही छपराचे आणि अंगणाचे पाणी एका नळीत गोळा करून शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नये. ते नैसर्गिक वाहणे नव्हे. भूखंडाला भातशेती लागून असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ध्यानात ठेवावा. भिंतीमुळे नैसर्गिक प्रवाह अडून शेतीचे नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर शेतकरी तहसीलदारांकडे दाद मागू शकतो. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेबाबतही महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार निर्णय देतात. पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट फाटकामागे बंद करणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

अडलेले पाणी स्वतः भिंतीलाही सोडत नाही. उताराची जागा सपाट करण्यासाठी मुरुमाचा भराव टाकला जातो आणि तो धरून ठेवण्याचे काम साध्या आवारभिंतीवर ढकलले जाते. कोरड्या दिवसांत ती टिकते. पावसाळ्यात भिजलेल्या मातीचे वजन वाढते, मागे साचलेले पाणी दाब देते आणि भिंत बाहेरच्या बाजूला पडते. पुण्यातील कोंढव्यात २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर गृहसंकुलाची भिंत लगतच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला. अवघ्या तीन दिवसांनी, २ जुलैच्या पहाटे, मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत घरांवर पडून पंचवीसहून अधिक जीव गेले. दोन्ही ठिकाणी बळी गेले ते भिंतीच्या बाहेर झोपलेल्यांचे. मागे भराव असेल, तर अभियंत्याकडून संरक्षक भिंतीचे रीतसर आरेखन करून घ्यावे, तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवावीत, त्यांमागे खडीचा थर द्यावा आणि दरवर्षी मृग लागण्यापूर्वी ती साफ करावीत. भिंतीला फुगवटा किंवा तिरकी भेग दिसली, तर पावसाची वाट पाहू नये.

या साऱ्या कामाचा क्रम सोपा आहे. मोजणीचा अर्ज करण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलावे, मोजणीच्या दिवशी त्याला सन्मानाने बोलवावे आणि खुणा दोघांनी मिळून पाहाव्यात. भिंत सामाईक असेल, तर खर्चाचा वाटा, दुरुस्तीची जबाबदारी आणि पाण्याच्या मोऱ्यांच्या जागा कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात. असा कागद अविश्वासापोटी केला जात नाही. आज एकमेकांना ओळखणारे दोन शेजारी उद्या नसतील. त्यांची मुले परगावाहून येतील, तेव्हा त्यांना बोलणी ठाऊक नसतील, कागद मात्र हाती असेल. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन दोन्ही घरच्यांनी भिंतीच्या दोन्ही अंगांना एक फेरी मारावी. मोरीतून पाणी मोकळे वाहत असेल, तर कुंपण नीट झाले असे समजावे.