काटापट्टी कुणाच्या नावानं?

माझं माहेर ढाणकीचं. आई जन्मभर कापूस वेचत आली. काटापट्टी मात्र वडिलांच्या नावानं निघायची. संगणकाच्या क्षेत्रात असं नसेल, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीतले आम्ही पाचजण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या परिषदेला गेलो. प्रोग्रामचा निम्म्याहून जास्त भाग मी लिहिलेला. व्यासपीठावर बोलला सहकारी. आम्ही दोघी बाहेर टेबलावर पत्रकं वाटत होतो. कारण काय, तर ‘तुम्ही बसलात की लोक थांबतात’!

१९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक संगणकाच्या पहिल्या सहा प्रोग्रामर बायकाच होत्या. कित्येक वर्षं त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. १९९४ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर यांच्या नावानं या क्षेत्रातल्या स्त्रियांची परिषद सुरू झाली, २०१० साली भारतातही. ती हवीच. पण रोजच्या कामातल्या वाटणीचं काय?

परतल्यावर बैठकीत मी म्हटलं, जिनं लिहिलं तिनं बोलावं. टेबलावर सगळ्यांनी पाळीनं बसावं. साहेब म्हणाले, ‘बघू.’ पुढच्या परिषदेच्या अर्जावर मी माझं नाव लिहून दिलंय.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे काटापट्टी कुणाच्या नावानं निघते?