उंबरठ्यापर्यंत आलेली दवा

भूगोलाच्या तासाला नकाशावर नेपाळ दाखवत होते. "इथं काय आहे?" विचारलं, तर सगळा वर्ग ओरडला, "एव्हरेस्ट!" मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "टीचर, तिथं डोंगरात बाळ झालं तर दवाखान्यात कसं नेतात?" तिच्या घरी नुकताच भाऊ झाला होता.

भगिनींनो, तिला दिलेलं उत्तर तुम्हालाही सांगते.

त्या डोंगराळ गावांत आजही आजारी माणसाला पाठीवरच्या टोपलीतून किंवा डोलीतून तासन् तास न्यावं लागतं. दवाखाना लवकर वर येणार नव्हता, म्हणून 1988 साली नेपाळ सरकारने गावातलीच बाई तयार करायचं ठरवलं. तिला निवडतो गावातल्या मातांचा गट. आज अशा स्वयंसेविका पन्नास हजारांच्या आसपास आहेत. पूर्वी त्यांच्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी चित्रांची नोंदवही केली गेली.

काम साधं, पण जीव वाचवणारं. खोकणाऱ्या लेकराचा श्वास ती पूर्ण एक मिनिट मोजते. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास पन्नास किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरला, तर न्यूमोनियाचा धोका. 1993 पासून वर्षातून दोनदा ती मुलांना 'अ' जीवनसत्त्व देते. घरीच बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बाईला, बाळ जन्मताच घ्यायच्या तीन गोळ्या आधीच देऊन ठेवते. त्यामुळे जादा रक्तस्रावाचा धोका कमी होतो. नाळेला लावायचं मलमही देते.

1996 च्या पाहणीत नेपाळमध्ये दर एक लाख जन्मांमागे 539 माता दगावत होत्या; 2016 च्या पाहणीत 239. श्रेय एकट्या या बायकांचं नाही. रस्ते झाले, मुली शिकल्या, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या आईला सरकार प्रवासखर्च देऊ लागलं. पण दारापर्यंत पोहोचल्या त्या याच.

आणि पगार? नाही. थोडाफार भत्ता, एवढंच. सेवा म्हणून केलेल्या कामाचं मोल शून्य धरायचं, हा कुठला न्याय? आपल्या आशाताईही मानधनासाठी कितीदा रस्त्यावर उतरल्या.

आता माझी कबुली. नणंद बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. आशाताई आली, तेव्हा मी दारातूनच म्हटलं, "बाळ झोपलंय, नंतर या." पाहुणे होते, चहा चुलीवर होता. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. बाळ दोन आठवड्यांचं. काट्यावर ठेवलं तर वजन जन्मापेक्षाही कमी! तिने जवळ बसून दूध पाजायची पद्धत दाखवली आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. बाळ आज शाळेत जातं. ती पुन्हा आलीच नसती तर, हा विचार मला अजून टोचतो.

म्हणून एवढं लक्षात ठेवा: बाळ दूध ओढत नसेल, अंग गरम किंवा गार पडलं असेल, श्वास फार जलद असेल, छाती आत ओढली जात असेल, तर घरगुती इलाजात वेळ घालवू नका. बाळंतिणीला जास्त रक्त जात असेल, तर लगेच निघा.

आणि दारावर ताई आली, तर तिला आत बोलवा. आधी पाणी द्या, मग बाळ दाखवा.